राऊत सरांचे चौघे

कॉम्प्युटरच्या खोलीचं कुलूप काढण्याआधी राऊत सर शिट्टी वाजवायचे. एक लांब, दोन आखूड. मग दाराबाहेर सावधानमध्ये उभं राहून थोडा वेळ जाऊ द्यायचे आणि मगच दार ढकलायचे.

मी शाळेत रुजू झाले त्याच आठवड्यात ती शिट्टी माझ्या कानावर आली. मला वाटलं, सुट्टी झाली. मी अख्खा पाचवीचा वर्ग सोडून दिला. पोरं ओरडत मैदानात पोचली, त्यांचं बघून शेजारची सहावी सुटली, आणि हेडसर चष्मा सावरत बाहेर आले.

"जगताप बाई, ही सुट्टीची शिट्टी नाही," ते शांतपणे म्हणाले. "ही उंदरांची."

एवढं बोलून ते परत आत गेले. त्यांना ते इतकं सवयीचं झालं होतं की त्यात समजावण्यासारखं काही आहे, असं त्यांना वाटलंच नसावं. मग मी राऊत सरांनाच गाठलं. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून ते कधीपासून वाट बघत असावेत.

"कसं हाय बाई, माणूस एकदम आत घुसला की उंदीर गांगरतो. गांगरलेला उंदीर समोर येईल त्याला चावतो. आणि समोर काय हाय? वायर! म्हणून आदी सांगायचं त्याला. बाबा रे, आमी येतो, तू नीघ. शत्रूला मागं जायला वाट ठेवायची. मग तो आपलं नुकसान करत नाय."

राऊत सर आमचे पी.टी.चे सर. उंच, वाळलेले, खडूने पांढरे केलेले कॅनव्हासचे बूट, आणि गळ्यात त्या शिट्टीची दोरी. दोरी इतकी जुनी की मूळचा रंग कुणाच्याच लक्षात नव्हता. पालघरजवळच्या माहीमची माणसं ती, मुंबईच्या नव्हे. केळीची आणि पानवेलीची वाडी, विहिरीचं पाणी, समुद्राचं वारं. तिथून रोज सायकलने यायचे. आमची शाळा पालघरहून बोईसरकडे जाणाऱ्या रस्त्याला लागून. पहिली ते दहावी एकाच आवारात. निम्मी पोरं कुंभवलीकडच्या कारखान्यांत कामाला असणाऱ्यांची, निम्मी पूर्वेकडच्या पाड्यांवरची. मी साताऱ्याकडची. यजमान एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होते, म्हणून या मुलखात आलेली. पहिले काही महिने तर मला राऊत सरांचं बोलणं अर्धंच कळायचं. मैदानात ते एकदम शुद्ध, खणखणीत मराठी बोलत. मैदानाबाहेर पाऊल पडलं की माहीमची बोली सुरू.

एक शब्द मात्र दोन्हीकडे सारखा होता. जैसे थे! कवायतीतला हा हुकूम त्यांनी संसारात आणला होता. स्टाफरूममध्ये कुणी खुर्ची इकडची तिकडे केली, जैसे थे! वेळापत्रक बदललं, जैसे थे! एकदा चहात साखर जास्त झाली म्हणून आमचा शिपाई लहानू पाणी ओतायला गेला, तर सरांनी त्यालाही हाच हुकूम दिला. लहानू किटली घेऊन तसाच उभा राहिला. चहा गार झाला, पण हुकूम मोडला नाही.

आता ते कॉम्प्युटर.

मी येण्याच्या काही वर्षं आधी सरकारच्या कुठल्याशा योजनेतून शाळेला चार कॉम्प्युटर मिळाले होते. जाडजूड की-बोर्ड, त्यातच सगळं यंत्र, आणि वर टीव्हीसारखा डबा. कार्यक्रम चालू करायचा तर कॅसेट लावायची, टेपरेकॉर्डरवर. दोन शिक्षक ट्रेनिंगला जाऊन आले. वर्षभर पोरांनी रांगा लावून बटणं दाबली. मग त्या दोघांतला एक बदली होऊन गेला, दुसऱ्याला कारखान्यात चांगली नोकरी लागली. कॅसेटना बुरशी चढली. खोलीला कुलूप लागलं. चार्ज घ्यायला कुणी तयार होईना. विज्ञानाचे सर म्हणाले, मला प्रयोगशाळा आहे. गणिताचे सर म्हणाले, मला पाठदुखी आहे. शेवटी हेडसरांनी बघितलं की कॉम्प्युटरच्या खोलीला लागून लेझमांची खोली आहे, आणि ती राऊत सरांकडे आहे. एक किल्ली असतेच, दुसरी देऊन टाकली.

राऊत सरांना कॉम्प्युटरमधलं काहीही येत नव्हतं. त्यांनी ते कधी चालूही केले नाहीत. पण चार्ज म्हणजे चार्ज. ते त्यांना कॉम्प्युटर म्हणायचेच नाहीत. 'चौघे' म्हणायचे. "चौघांना ऊन दाखवायचं हाय," असं म्हणून थंडीच्या दिवसांत ते एकेकाला उचलून व्हरांड्यात व्यायामाच्या गादीवर ठेवत, गरम कपडे उन्हात घालतात तसं. शेजारी स्वतः स्टूल टाकून बसत. पोरगं जवळ आलं की, "लांब! लांबून बघ. बघायला बंदी नाय, हात लावायला हाय."

चौघांना त्यांनी स्काउटच्या जुन्या खाकी चड्ड्या उसवून गलेफ शिवून घेतले होते. एका गलेफाला तर खिसा तसाच होता. त्या खिशात डांबरगोळ्या.

पण भातकापणी झाली की उंदीर शेतातून गावात येतात, आणि आमची शाळा बरोबर मधे. पहिला मोठा हल्ला माझ्यासमोर झाला. सरांनी गलेफ काढला तर एका टीव्हीच्या मागची वायर कुरतडलेली, आतून तांब्याचे केस बाहेर आलेले. सर टोपी काढून थोडा वेळ तसेच उभे राहिले. मला काय करावं कळेना, मीही उभी राहिले. लहानूही उभा राहिला. बाहेरून जाणाऱ्या हेडसरांनी आत डोकावून दबक्या आवाजात विचारलं, "कोण गेलं?"

तिथून युद्ध सुरू झालं.

सरांचा अभ्यास दांडगा होता. त्यांच्या मते आमच्याकडे दोन जातींचे उंदीर होते, गावचे आणि एमआयडीसीचे. "गावचा उंदीर हुशार हाय, पन तब्येतीला नाजूक. एमआयडीसीचा मठ्ठ, पन त्याला औषध लागत नाय. कारखान्याच्या नाल्याचं पानी पिऊन मोठा झालेला तो. त्याला आपली गोळी म्हंजे बडीशेप." त्यामुळे औषधाचा मार्ग बंद झाला.

मग पिंजरा. पिंजऱ्यात त्यांनी माहीमचा सुका बोंबील लावला. त्या वासाने उंदीर किती आले ठाऊक नाही, पण आसपासची सगळी मांजरं शाळेत आली आणि आठवीच्या वर्गात ठाण मांडून बसली. मांजरं आलीच आहेत तर त्यांना कामाला लावावं, असं सरांच्या मनात आलं. पण गावची मांजरं आळशी, म्हणून त्यांनी माहीमच्या मासळी बाजारातून एक नामांकित बोका टोपलीत घालून सायकलवर आणला. त्या बोक्याने जन्मभर मासे सोडून काही बघितलं नव्हतं. उंदीर समोरून गेला तरी तो तोंड फिरवायचा. मात्र शुक्रवारी आमच्या एका बाईंनी डब्यात सुरमई आणली, तेव्हा त्याने जी उडी घेतली ती बघून राऊत सरही म्हणाले, "अंगात गुन हायेत, पन शिस्त नाय." बोका दुसऱ्या दिवशी परत गेला. टोपलीत बसून, राजासारखा.

मग लेझीम. दाराच्या उंबऱ्यावर त्यांनी एक आडवी लेझीम टांगली. उंदीर गेला की खुळखुळ वाजणार. वाऱ्यानेही वाजायची. दिवसभर वर्गात बसून आम्हाला वाटायचं, कुठेतरी मिरवणूक चालली आहे. ते बंद करायला लावलं तर सरांनी नववीच्या पोरांची संचलनाची तालीम त्या खोलीभोवती घ्यायला सुरुवात केली. पन्नास पोरांचे पाय एकदम आपटले की भिंतीतला उंदीर बाहेर पडतो, हा सिद्धांत. उंदरांचं माहीत नाही, पण त्या वर्षी तालुक्याच्या संचलनात आमच्या शाळेचा पहिला नंबर आला. वळणावर तर आमच्या पोरांचा हात कुणी धरू शकलं नाही. खोलीला चार कोपरे होते ना.

अखेर उपाय सापडला तो त्यांच्या स्वतःच्या वाडीत. माहीमला नारळाच्या खोडाला माणसाच्या उंचीवर पत्रा गुंडाळून ठोकतात. उंदीर वर चढायला लागला की पत्र्यावर त्याची नखं ठरत नाहीत, घसरून खाली येतो. एका सोमवारी सर स्टाफरूममध्ये आले ते कपाळावर हात मारतच.

"जन्म नारळाखाली गेला बाई! आणि उजेड आज पडला. टेबलाला पाय किती?"

"चार."

"झाडंच की ती!"

एमआयडीसीच्या भंगारातून त्यांनी डब्यांचे पत्रे आणले. प्रत्येक टेबलाच्या प्रत्येक पायाला पत्रा गुंडाळला. टेबलं भिंतीपासून हातभर लांब ओढली. दाराच्या खालच्या कडेला पत्रा, खिडक्यांना बारीक जाळी, भिंतीतल्या बिळांत काचा आणि सिमेंट. सगळं स्वतःच्या हातांनी. आणि खरंच, त्यानंतर त्या खोलीत लेंडीसुद्धा दिसली नाही. शाळेत कोणी पाहुणा आला की सर त्याला आधी ती खोली दाखवत. पाहुणा कॉम्प्युटर बघायचा, सर टेबलाचे पाय दाखवायचे.

याच काळात राऊत सरांच्या पत्नी गेल्या. शांत बाई होत्या. कधीतरी सरांच्या हाती आम्हा शिक्षिकांना केळफुलाची भाजी किंवा विड्याची पानं पाठवायच्या, वर ओलं फडकं गुंडाळून. एकुलती मुलगी वसईला दिलेली. दिवस झाल्यावर सर शाळेत आले, आम्ही भेटायला उठलो, तोवर ते सरळ खोलीकडे गेले आणि शिट्टी ऐकू आली. एक लांब, दोन आखूड. तेव्हापासून ते शाळा सुटल्यावरही थांबायला लागले. कधी जाळी बघ, कधी पत्रा घट्ट कर. लहानूला कुलूप लावायचं असायचं, तो अस्वस्थ होऊन घंटेजवळ फेऱ्या मारायचा. "सर, अंधार होल," म्हणायचा. मग ते नाइलाजाने सायकल काढायचे.

मग सरकारचा तांदूळ आला.

पहिली ते पाचवीच्या मुलांना दर महिन्याला घरी न्यायला तांदूळ मिळू लागला. पोती ठेवायला जागा नव्हती. लेझमांची खोली रिकामी करून तिथे पोती रचली, आणि वाटपाचं काम माझ्याकडे आलं. आता बघा, एका खोलीतून हाकललेले उंदीर कुठे जाणार? भिंतीपलीकडेच त्यांच्यासाठी मेजवानी मांडलेली. पहिल्या महिन्यातच पोत्यांना भोकं पडली. मी चाळणी आणली, डोळ्यांत तेल घालून चाळलं, तरी काही ना काही राहायचंच.

"सर, तुमचे उंदीर आमच्याकडे आलेत," मी म्हटलं.

"माझ्याकडे नायत, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगतो," ते म्हणाले. आणि खरंच त्यांनी हात ठेवला.

हेडसरांनी त्यांना समजावून बघितलं. मी तिथेच होते.

"राऊत सर, तुमची खोली तांदळाला द्या. अख्ख्या शाळेत तेवढी एकच जागा आहे जिथे उंदीर शिरत नाही."

"म्हणूनच देनार नाय. तांदूळ आत गेला की त्याच्या मागं उंदीर आत जानार."

"अहो, ते चारही बंद आहेत. इतक्या वर्षांत कुणी बटण दाबलेलं नाही. आता तर त्यांच्याहून चांगले निघाले."

"बंद हायेत म्हनून शाबूत हायेत."

"राऊत सर..."

"सरकारी मालमत्ता हाय ती!"

"तांदूळही सरकारीच आहे."

सर दोन पावलं मागे सरकले, टाचा जुळवल्या आणि म्हणाले, "जैसे थे!" हेडसर हतबल होऊन माझ्याकडे बघत राहिले. बिचारे जबरदस्ती करू शकत नव्हते. राऊत सरांनी चार्ज सोडला असता तर तो हेडसरांकडेच आला असता.

दोन महिने असेच गेले. मग तो वाटपाचा दिवस उजाडला.

तिसरीतल्या एका मुलीची आई तांदूळ न्यायला आली होती. पूर्वेकडच्या पाड्यावरची. नवरा-बायको वीटभट्टीवर गेलेली, नुकतीच परतलेली. तांदूळ घेऊन ती घरी गेली नाही. फाटकाजवळच्या शिरीषाच्या झाडाखाली बसली, पदर पसरला, त्यावर तांदूळ ओतला आणि निवडायला लागली. मैदानात राऊत सरांचा सातवीचा तास चालू होता. "सावधान!" असा हुकूम देऊन ते रांगा तपासत फिरत होते. फिरता फिरता फाटकापर्यंत आले आणि थांबले. मी व्हरांड्यात होते, मला दोघांचं बोलणं ऐकू येत होतं.

"काय निवडतेस, बाय?"

"उंदराच्या लेंड्या, गुरुजी."

"घरी जाऊन निवड की. उनात कशाला बसलीस?"

"घरी गेलं का पोरा लगेच शिजव म्हनतात. दम नाय निघत त्यांना. इथंच निवडून नेते." मग तिला वाटलं असावं, गुरुजींना वाईट वाटेल. ती हसून म्हणाली, "तांदूळ झ्याक हाय, गुरुजी. उंदराला पन कळतंय ना."

सर तिच्या समोर मातीत मांडी घालून बसले, पांढरे बूट, पांढरी पँट घालून, आणि तिच्याबरोबर तांदूळ निवडायला लागले. पहिल्यांदा ती संकोचली, मग तिने पदराचा अर्धा भाग त्यांच्याकडे सरकवला. दोघं खाली मान घालून निवडत होती. सरांना जवळचं दिसायचं नाही. ते प्रत्येक चिमूट लांब धरून बघायचे.

मैदानात सातवीचा वर्ग सावधानमध्येच उभा होता. विश्राम म्हणायचं सर विसरले होते, आणि त्यांच्या पोरांची शिस्त अशी की हुकमाशिवाय कुणी हलायचं नाही. कुणाच्या नाकावर माशी बसली होती, कुणाच्या कपाळावरून घाम गळत होता. वीसेक मिनिटं झाली असतील. शेवटी मलाच राहवलं नाही. मी साडीचा पदर खोचून मैदानात गेले आणि उभ्या आयुष्यात पहिल्यांदाच मोठ्याने ओरडले, "विश्राम!" पोरांनी एकमेकांकडे बघितलं. बाईंचा हुकूम चालतो का? मग एकदाची पाय फाकवून उभी राहिली.

दुसऱ्या दिवशी प्रार्थनेला आम्ही आलो तर कॉम्प्युटरच्या खोलीचं दार सताड उघडं होतं. टेबलांवर तांदळाची पोती नीट रचलेली. पत्रे बांधलेले टेबलाचे पाय ते वजन झेलत होते. लहानू घामाने निथळत होता. राऊत सरांच्या शर्टाला पिठासारखी पांढरी पूड. चौघे बाहेर व्हरांड्यात, आपापल्या खाकी गलेफात.

"हे आता कुठे ठेवायचे?" हेडसरांनी विचारलं. "लेझमांच्या रिकाम्या खोलीत?"

"त्या उंदरांत? नाय, नाय," सर म्हणाले. मग आवाज उतरला. "माझ्या घरी जागा हाय. बरीच जागा हाय."

हेडसरांनी इकडे तिकडे बघितलं. "सरकारी सामान घरी न्यायची परवानगी मला देता येत नाही, राऊत सर. त्यामुळे तुम्ही काही विचारलं नाही आणि मी काही ऐकलं नाही."

त्या आठवड्यात चौघे माहीमला गेले. रोज एक, सायकलच्या कॅरिअरवर, गादीत गुंडाळून. सर सायकल चालवत नव्हते, हाताने धरून ढकलत नेत होते, इतकी मैलं. गावात बोभाटा झाला. पहिल्या दिवशी लोक म्हणाले, राऊत मास्तरानं टीव्ही घेतला. दुसऱ्या दिवशीही टीव्ही आला. तिसऱ्या दिवशी लोक रस्त्याला येऊन उभे राहिले. चौथ्या दिवशी त्यांच्या चुलतभावाने विचारलं म्हणे, "अरे, एका मान्साला चार टीव्ही कशाला? एका वेळी एकच बगशील ना?"

तांदळाचं बघाल, तर उंदरांचा प्रश्न मिटला. एका वर्षात गावकऱ्यांनी आणि एका कारखान्याच्या साहेबांनी मिळून शाळेला एक पक्की खोलीही बांधून दिली. हेडसर म्हणाले, "आता राऊत सरांचे चौघे परत आणायला हवेत. सामान शाळेचं, शाळेत असलेलं बरं. चला बाई, जाऊन सांगून येऊ." एका शनिवारी संध्याकाळी आम्ही दोघं पालघरहून एस.टी.ने माहीमला गेलो.

घर शोधायला लागलं नाही. ओसरीबाहेर चपलांचा ढीग पडला होता, सगळ्या छोट्या मापाच्या. आत माजघरात पंधरा-वीस पोरं दाटीवाटीने बसलेली, वाडीतली, कोळीवाड्यातली, एकीच्या कडेवर तिचं भावंड. समोर पलंगावर चौघे मांडलेले. सरांची स्वतःची गादी ओसरीत गुंडाळून ठेवलेली दिसली. चौघांपैकी एक चालू होता! काळ्या काचेवर एक पांढरी रेघ लुकलुकत होती.

आम्हाला बघून सर गडबडले. "या, या सर. या बाई. बसा. ते... पोरांना वाटलं टीव्ही हाय. रोज संद्याकाळी दारात येऊन उभी रातात. मी म्हटलं, बगू तरी लावून. तिघे नाय बोलले. हा एक बोलला."

ज्या माणसाने हात लावायला बंदी केली होती, तो पोरांना एकेक करून पुढे बोलवत होता. "हळू दाब गं. ते मेलं जुनं हाय, आपल्यासारखं. हां. आता ते लांब बटन."

एका मुलीने इंग्रजीत आपलं नाव टाइप केलं, एकेक अक्षर शोधत. सुनीता. शेवटचं बटण दाबलं. टुक असा आवाज झाला आणि खाली यंत्राचं उत्तर उमटलं. पोरांनी श्वास रोखले.

"काय म्हनतो, मास्तर?"

"म्हनतो, सुनीता, छान नाव हाय."

सुनीता लाजून आपल्या जागेवर पळाली. पुढचा आला. त्याने नाव टाइप केलं. टुक. "म्हनतो, हे पन छान हाय." मग त्याच्यामागची. प्रत्येक वेळी पोरं सरांकडे बघायची आणि सर वाचून सांगायचे.

मी पुढे वाकून बघितलं. काचेवर प्रत्येक नावाखाली इंग्रजीत एकच शब्द होता. मिस्टेक. यंत्राला ते नाव कळत नव्हतं आणि ते दर वेळी तेवढंच सांगत होतं. मी सरांकडे बघितलं. त्यांनी मला जरा बाजूला घेतलं.

"मला वाचता येतं बाई काय लिवलंय ते," ते हळूच म्हणाले. "पोरांना नका सांगू. उद्या यायची नायत."

मग चहा झाला. सरांकडे पेले बरेच होते, पण ते पोरांच्या लिंबाच्या सरबतात गुंतलेले. आम्हाला बशीत चहा मिळाला. पोरांनी हट्ट धरला, पाहुण्यांनी पण नाव लिवायचं. हेडसर नको नको म्हणत पलंगाजवळ गेले. चष्मा पुसला. आडनावासकट सगळं नाव टाइप केलं, मुख्याध्यापकाला शोभेल असं. टुक. त्यांनी उत्तर वाचलं. थोडा वेळ ते त्या शब्दाकडे बघत राहिले, मग खोलीतल्या पोरांकडे, मग राऊत सरांकडे.

"काय म्हनतो? काय म्हनतो?" पोरं ओरडली.

"म्हणतो," हेडसर घसा साफ करत म्हणाले, "छान नाव आहे."

पोरांनी टाळ्या वाजवल्या.

निघताना राऊत सर फाटकापर्यंत आले. "सर, कशासाठी आला होतात? काही काम होतं?"

"नाही हो," हेडसर म्हणाले. "सहज. आणि तेवढं एक सांगायचं होतं. हे चौघे सध्या राहू द्या इथेच. शाळेत उंदीर फार झालेत."

राऊत सरांनी मान हलवली. घरातून पोरांचा कलकलाट येत होता, कुणाचा तरी नंबर कुणीतरी घेतला होता. "आलो, आलो रे!" म्हणत ते जवळजवळ धावतच आत गेले.

आम्ही एस.टी.च्या थांब्यावर येऊन उभे राहिलो. समुद्राकडून वारा येत होता. मला राहवेना.

"सर, शाळेत आता उंदीर कुठे आहेत? तांदळाच्या खोलीत तर वर्षभरात एकही..."

हेडसर रस्त्याकडे बघत होते.

"बाई," ते म्हणाले, "गाडी आली."

गाडी अजून आली नव्हती.